अजगराचा मुक्काम

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत अजगर कुणी निवडून घरी आणत नाही, तो आपल्या पायांनी नसला तरी आपल्या मर्जीनं येतो. धानाची कापणी चालू असताना बांधाच्या कडेला निघतो, पुरानं बिळं बुडाली की गावठाणाकडे सरकतो, मामा (माजी मालगुजारी) तलावात लावलेल्या मासोळीच्या जाळ्यात अडकतो, कोळसा खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यात मुक्काम ठोकतो. खुराडं तर त्याची हमखास जागा. फटीतून आत शिरतो, कोंबडी गिळतो, आणि मग फुगलेलं पोट त्याच फटीतून बाहेर निघत नाही. सकाळी घरधनीण खुराड्याचं दार उघडते तेव्हा कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला पाहुणा दिसतो आणि सगळा मोहल्ला गोळा होतो.

पहिला पाळीव साप म्हणून कुठला अजगर घ्यावा, त्याला केवढी पेटी लागेल, हे प्रश्न अमेरिका-युरोपात दुकानाच्या काउंटरवर विचारले जातात. जुन्या चांद्याच्या मुलखात, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा होण्याआधीच्या एकत्र जिल्ह्यात, हेच प्रश्न उलट्या क्रमानं आले. इथे अजगर आधी आला आणि त्याला कुठे ठेवायचं हे नंतर ठरवावं लागलं. निवड माणसाची नव्हतीच. इथल्या अजगर सांभाळण्याच्या सगळ्या इतिहासाला ही एक गोष्ट पुरून उरते.

सुरुवातीचा काळ तर सांभाळण्याचा नव्हताच. चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता तेव्हा सरकारच्या लेखी साप म्हणजे मारायची वस्तू. विषारी साप मारून आणणाऱ्याला ब्रिटिश राजवटीत बक्षीस मिळे. १९१२ साली वन्य पक्षी आणि प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या यादीत हरणं होती, गवे होते, ससेसुद्धा होते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पत्ता नव्हता. बिनविषारी अजगराला बक्षीस लागू नसलं तरी त्याला मारायला दुसरी कारणं होती. सांधेदुखीवर अजगराची चरबी चोळायची, ही समजूत मध्य भारतात अजून पुरती गेलेली नाही. कातड्याला तर समुद्रापार भाव होता. पट्टे, पर्स आणि जोडे यांच्यासाठी सापांची कातडी कोलकाता आणि मद्रासच्या बंदरांतून परदेशी जात. अजगराचं कातडं रुंद आणि त्यावरची नक्षी मोठी, म्हणून त्याला मागणी वेगळी. भारतानं सापाच्या कातड्यांची निर्यात बंद केली ती १९७६ मध्ये.

जिवंत अजगर ठेवणारा माणूस त्या काळात एकच, गारुडी. नागाला पुंगीपुढे डोलवायचं आणि अजगराला प्रेक्षकाच्या गळ्यात घालायचं, ही त्यांच्या खेळाची ठरलेली विभागणी. अजगर चावलाच तर विष नसतं, अंगानं भरदार, हलतो हळू. बाजारात गर्दी जमवायला याहून सोयीचं जनावर नाही. पण मुक्काम टोपलीत किंवा गोणपाटात, पाणी मिळालं तर मिळालं, आणि कित्येकदा तोंड दोऱ्यानं शिवलेलं. साप महिनोन्महिने न खाता तग धरतो, त्यामुळे गारुड्याची उपासमार लोकांच्या ध्यानात येत नसे. अजगर कुणाच्या हाती सुखात आहे की मरणपंथाला लागला आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. पुढे दुकानातून अजगर घेणाऱ्यांनाही हीच अडचण नडली.

कैदेतल्या अजगराकडे नीट बघायला सुरुवात झाली ती पॅरिसमध्ये, आणि तीही एका भांडणातून. लामार-पिको नावाचा फ्रेंच निसर्गअभ्यासक बंगालमध्ये राहून आला होता. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांना ऊब देते, असं त्यानं १८३०च्या दशकात सांगितलं. साप थंड रक्ताचा, तो कसली ऊब देणार, म्हणून तिथल्या विद्वानांनी त्याचं म्हणणं उडवून लावलं. मग १८४१ मध्ये पॅरिसच्या जार्दिन दे प्लांत या बागेत आशियाई अजगराची एक मादी खरंच अंड्यांवर बसली. व्हॅलेन्सियेन या प्राणिशास्त्रज्ञानं वेटोळ्यात तापमापी सरकवून रोज नोंदी केल्या. वेटोळ्याच्या आतलं तापमान भोवतालच्या हवेहून कित्येक अंशांनी चढं निघालं. बंगालमध्ये राहिलेला माणूस खरा ठरला. ही ऊब येते कुठून, हे कळायला मात्र १९६६ उजाडलं. न्यूयॉर्कच्या प्राणीसंग्रहालयातल्या मादीवर हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापं केली, तेव्हा दिसलं की मादी अंगाला सतत झटके देते, स्नायू आकसते, आणि हवा गार होत जाईल तसे हे झटके वाढतात.

चांद्याच्या रानात हे सारं कुणाच्या तापमापीविना चालू असतं. हिवाळ्यात जोड्या जमतात, उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी पडतात, मादी सुमारे दोन महिने अन्नाला तोंड न लावता त्यांच्यावर बसते आणि पावसाच्या आसपास हातभर लांबीची पिल्लं बाहेर येतात. नाल्याकाठच्या जुन्या बिळात किंवा पडक्या झाडाच्या ढोलीत असं वेटोळं सापडलं आणि कुणी मादीला काठीनं हुसकलं, तर ती अंडी बहुधा वाया गेली असं समजावं. वन्यजीव कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंड्यांची नासधूस ही शिकारीच्या व्याख्येतच येते, हे गावोगाव फार थोड्यांना ठाऊक असतं.

हा कायदा १९७२चा. त्याच्या पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७३ रोजी, भामरागडजवळ हेमलकसा इथं बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले. वीज नाही, पक्का रस्ता नाही, पर्लकोटा फुगली की महिनोन्महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. भोवती माडिया आदिवासींची गावं. त्यांच्या शिकारीच्या जगात उंदरापासून माकडापर्यंत जवळजवळ प्रत्येक प्राणी अन्न होता, आणि तो शौक नव्हता, पोटाची गरज होती. एकदा शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण दिसली, आणि तिच्या छातीला बिलगलेलं जिवंत पिल्लू. डॉ. आमट्यांनी धान्याच्या बदल्यात ते पिल्लू मागून घेतलं. हेमलकशाच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात ही अशी झाली. बातमी पसरली, आणि मारलेल्या आईची पिल्लं लोक स्वतःहून आणून देऊ लागले. बिबटे आले, अस्वलं आली, साळिंदर, मगर, घुबड, हरणं, तरस आणि सापही आले. त्यात अजगर होते. विलास मनोहरांच्या ‘नेगल’ या पुस्तकामुळे तिथला बिबट्या मराठी घराघरांत पोचला, अजगराला तसा लेखक मिळाला नाही. माणसाला माया लावणाऱ्या जनावरावर पुस्तकं निघतात, अजगर कुणालाच माया लावत नाही.

तरीही हेमलकशात सापांचं काम मोठं झालं. दवाखान्यात सर्पदंशाचे रोगी येत, बरेचदा आधी मांत्रिकाकडून उपाय करून मगच. कुठला साप विषारी आणि कुठला नाही, हे रोग्याच्या नातेवाइकांना शब्दांत सांगून पटत नसे; जिवंत साप समोर दाखवला की पटे. अजगर या शिकवणीत फार उपयोगी, कारण त्याच्याविषयीच्या दंतकथा सगळ्यांत फुगीर. तो श्वासानं माणूस ओढून घेतो, त्याच्या शेपटीत काटा असतो, तो दिसला की अंगाला खाज सुटते, अशा गोष्टी ज्यांनी लहानपणापासून ऐकल्या, त्यांच्यासमोर एक डॉक्टर तो प्राणी हातात धरून उभा राहिला की निम्मं व्याख्यान वाचतं.

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर हे अनाथालय अवघड जागचं होतं. १९७२च्या कायद्यानं वन्यप्राणी सरकारच्या मालकीचे ठरले, आणि पकडणं हीसुद्धा शिकारच. आज भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. त्याला पकडून घरात ठेवल्यास ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद आहे. १९९१च्या दुरुस्तीनं प्राणीसंग्रहालयांचं स्वतंत्र प्रकरण कायद्यात आलं आणि पुढच्या वर्षी केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. भामरागडच्या जंगलात मागच्या अंगणात सुरू झालेल्या कामालाही पुढे या चौकटीत बसावं लागलं. पिंजऱ्याची मापं, नोंदवह्या, तपासण्या हे सगळं ओघानं आलं. ‘आमट्यांना चालतं तर आम्हाला का नाही,’ असं अजगर गळ्यात घालून फोटो टाकणारी तरुण पोरं विचारतात. त्याचं सरळ उत्तर हे की हेमलकशानं एकही अजगर हौसेनं पाळायला निवडला नाही. जे आलं ते ठेवून घेतलं, आणि ठेवून घेतल्याचा हिशेब सरकारला दिला.

हौसेनं साप ठेवण्याची परंपरा महाराष्ट्राला आली ती दुसऱ्या वाटेनं. रोम व्हिटेकर हा अमेरिकेत जन्मलेला मुलगा आईबरोबर मुंबईला आला, पुढे कोडाईकनालच्या शाळेत गेला आणि तिथे वसतिगृहात पलंगाखाली त्यानं अजगर ठेवला होता. त्याच व्हिटेकरांनी १९६९ साली मद्रासला सर्पोद्यान उभारलं. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले आणि १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. शाळेच्या सहली तिथे जाऊ लागल्या, वर्तमानपत्रांत ‘सर्पमित्र’ हा शब्द रुळला, आणि वीसेक वर्षांत चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, आलापल्लीपर्यंत दुचाकीवर आकडी आणि कापडी पिशवी घेऊन फिरणारे पोरगेलेसे सर्पमित्र दिसू लागले.

अजगर धरताना दोन माणसं लागतात, हा त्यांचा पहिला धडा. दहा फुटी अजगर एकट्याच्या दंडाला विळखा घालून बसला तर सोडवायला दुसरा हात हवाच, आणि सोडवायचं ते शेपटीच्या टोकाकडून. दुसरा धडा पिशवीचा. ती सुती हवी, उलटी करून घ्यायची म्हणजे आतले दोरे खवल्यांत अडकत नाहीत, आणि गाठ मारलेली पिशवी उन्हात गाडीवर ठेवायची नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो. तापलेल्या पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेल्या पिशवीत साप अर्ध्या तासातही दगावू शकतो.

सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र ओळखीची आहे. अजगराचं पिल्लू आणि घोणस वरवर सारखी दिसतात, दोघं तपकिरी, ठिपकेदार, जाडजूड. ‘अजगराचं पिल्लू आहे, घे हातात,’ म्हणून घोणस उचलणाऱ्यांनी बोटं गमावली आहेत, काहींनी जीवही. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे गोलसर डाग तीन रांगांत असतात, डोकं त्रिकोणी आणि बारीक खवल्यांचं, आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकाला दुसरा न जुळणारे, डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण, आणि ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांची रांग. एवढा फरक कागदावर सोपा वाटतो. झुडपात संध्याकाळी तो सोपा नसतो, म्हणून हात न लावणं हाच शहाणपणा. डुरक्या घोणस हा तिसरा सारखा दिसणारा साप बिनविषारी. अजगर समजून लोक त्यालाही मारतात आणि घोणस समजूनही.

मांडूळ या सापाची गोष्ट याच मुलखात वेगळ्या वळणावर गेली. पैशांचा पाऊस पाडण्याच्या आमिषानं वजनावर भाव लावून मांडूळ विकण्याच्या टोळ्या विदर्भात वेळोवेळी पकडल्या गेल्या. साप निवडून, तोलून, भाव करून घेण्याची पद्धत इथल्या गावांत पोचली ती या फसवणुकीच्या धंद्यातून.

आणि आता शहरांतून दुकानी अजगर येतो आहे. जगभर पहिला साप म्हणून हमखास शिफारस होते ती पश्चिम आफ्रिकेच्या बॉल पायथनची. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो अनेक वर्षं निर्यात होतो आहे. सहसा दीड मीटरच्या आत राहतो, घाबरला की डोकं आत लपवून चेंडू करतो. १९९२ मध्ये अमेरिकेत कैदेतल्या जोडीपासून पांढरी-पिवळी पिल्लं काढण्यात यश आलं आणि मग रंगांची शर्यत लागली. ब्रह्मदेशी अजगराची हौस अमेरिकेला अधिक महागात पडली. पिल्लू असताना गोजिरवाणं दिसणारं ते जनावर काही वर्षांत घरापेक्षा मोठं झालं, सुटलं किंवा सोडून दिलं गेलं, आणि फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत त्याची प्रजा इतकी वाढली की २०१२ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी आली. तोवर तिथले ससे आणि रॅकून दिसेनासे झाले होते.

भारतात विदेशी प्राणी बरीच वर्षं कायद्याच्या फटीत राहिले. २०२० मध्ये केंद्र सरकारनं, ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांनी स्वेच्छेनं जाहीर करावं, अशी मुभा दिली. २०२२च्या दुरुस्तीनं ‘साइटिस’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतले प्राणी थेट वन्यजीव कायद्यात घेतले, आणि २०२४च्या नियमांनी त्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर सक्तीची केली. बॉल पायथन त्यात येतो. तरी चोरवाट चालूच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर विभागानं पकडले. पाकिटात कोंबलेला असा साप एखाद्या घरी पोचलाच, तर घेणारा त्याला आपला ‘पहिला साप’ म्हणणार.

कागदपत्रं चोख असली तरी चंद्रपूरसारख्या गावात त्याला ठेवणं सोपं नाही. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३२ अंशांच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला २६च्या आसपास गारवा लागतो, म्हणजे गरजेप्रमाणे तो स्वतः सरकतो. चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी, दोन्ही टोकांना अंधारी लपण, पाण्याचं जड भांडं, पन्नास-साठ टक्के दमटपणा आणि खाली उष्णता नियंत्रित करणारं यंत्र, ही किमान तयारी. युरोपातला हौशी माणूस गरम कसं ठेवावं याची चिंता करतो. वरोरा किंवा राजुऱ्यात उन्हाळ्यात प्रश्न थंड ठेवण्याचा. दुपारी वीज गेली, कूलर थांबला, की काचेची पेटी भट्टी होते. निवडताना बघायचं ते रंग नव्हे. श्वास घेताना शिट्टी वाजते का, तोंडाच्या कडेला फेस आहे का, खवल्यांखाली गोचीड आहे का, कात टाकल्यावर डोळ्यांवरचा जुना पापुद्रा तसाच राहिला आहे का, आणि विकणाऱ्यासमोर त्यानं मेलेला उंदीर खाल्ला का, हे पाहावं. हा साप सहज २० ते ३० वर्षं जगतो. अकरावीतल्या मुलानं हट्टानं घेतलेला साप त्याच्या लग्नानंतर त्याच्या आईच्या गळ्यात पडणार, हे घरात आधीच बोललेलं बरं.

रानातल्या अजगराचं घर याहून स्वस्त. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात सुब्रमणियन भूपती यांनी अजगरांचा अभ्यास केला, तेव्हा ते साळिंदरांनी खोदलेल्या बिळांत राहतात, आणि हिवाळ्यात दिवसा तोंडाशी येऊन ऊन खातात, असं दिसलं. एकच बीळ वर्षानुवर्षं वापरात राहतं. म्हणूनच शेतात सापडलेला अजगर पिशवीत घालून पन्नास किलोमीटरवरच्या ‘घनदाट जंगलात’ सोडण्याची जुनी पद्धत चुकीची. अनोळखी रानात तो बीळ शोधत भटकतो, रस्त्यावर येतो, मरतो. जखमी असेल तर चंद्रपूरच्या वन्यजीव उपचार केंद्रात नेऊन बरा करावा; धडधाकट असेल तर जवळच्या नाल्याकाठी, पकडल्या जागेपासून फार लांब नाही अशा ठिकाणी सोडावा.

तेव्हा खुराड्यात अजगर दिसला तर काठी उचलू नका आणि मोबाइल घेऊन त्याच्याभोवती कडंही करू नका. घाबरलेला अजगर गिळलेलं ओकतो, आणि कोंबडी तर गेलेलीच असते. पोरांना आणि कुत्र्यांना मागे घ्या, दार लावून घ्या, अंडी दिसली तर मादीला अजिबात हलवू नका, आणि महाराष्ट्र वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइनला १९२६ या क्रमांकावर कळवा.